गाडी गरम होते, हे कागदावर येऊ द्या

(रेडिओवरील भाषण)

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो होतो. कार्यक्रम झाल्यावर बरेच फोन आले, पण त्यातले चार शेळ्यांचे नव्हतेच, गाडीचे होते. एकीची गाडी चढाला गरम होऊन बंद पडते. दुसरीची गाडी हजार किलोमीटरमध्ये लिटरभर ऑइल खाते. तिसरीला गाडीत पेट्रोलचा वास येतो. आणि चौघींनाही शोरूममधून एकच उत्तर मिळालं होतं, "ताई, गाडीत काही नाही, तुमच्या चालवण्यात आहे."

म्हणून आज गाडीवर बोलू या. हा पुरुषांचा विषय आहे असं कुणाला वाटत असेल, तर तिने कर्जाचा हप्ता कुणाच्या खात्यातून जातो ते बघावं. आपल्या गटांमध्ये आता छोट्या गाड्या आल्या आहेत. कुणी मसाला-पापडाची पोती बाजारला नेते, कुणी डबे पोचवते, कुणी दवाखान्याच्या फेऱ्या करते. गाडी उभी राहिली की धंदा उभा राहतो आणि हप्ता मात्र चालूच राहतो.

आधी एका गाडीची गोष्ट सांगते. नाव सगळ्यांनी ऐकलेलं आहे, टाटांची नॅनो. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली. मार्च २००९ मध्ये मुंबईत ती विक्रीला आली. लाख रुपयांची गाडी म्हणून देशभर गाजली. मोटारसायकलवर पुढे पोरगं, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोर असं जाणाऱ्या कुटुंबाला चारचाकी मिळावी, हा त्यामागचा विचार होता, आणि विचार चांगलाच होता. इंजिन छोटं, ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं, आणि ते पुढे नसून मागे बसवलेलं.

पहिल्याच वर्षी काही गाड्यांमध्ये स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून धूर आला. कंपनीने तो स्विच बदलून दिला. मग मार्च २०१० मध्ये मुंबईत एक नवी कोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना रस्त्यातच पेटली. माणसं वेळेत उतरली म्हणून वाचली. एप्रिलमध्ये गुजरातेत आणखी एक पेटली. फोटो वर्तमानपत्रांत आले, टीव्हीवर आले. कंपनीने तज्ज्ञांकडून तपास केला आणि सांगितलं की गाडीच्या रचनेत दोष नाही. त्या त्या गाडीपुरती वेगळी कारणं आहेत: कुठे बाहेरून जादा इलेक्ट्रिकचं सामान बसवलं होतं, कुठे गरम सायलेन्सरच्या भागावर बाहेरची वस्तू राहून गेली होती.

हे ऐकताना तुम्हाला आपल्या शोरूमचं उत्तर आठवलं असेल. "त्या त्या गाडीपुरतं" हे शब्द नीट ध्यानात ठेवा. एका गाडीबद्दल ते खरंही असू शकतं. पण एकेकट्या मालकाकडे त्याची खात्री करून घ्यायचं साधन नसतं, कारण त्याला फक्त स्वतःची गाडी दिसते. सगळ्या गाड्यांचा हिशोब फक्त कंपनीकडे असतो.

पुढे काय झालं? जुलै २०१० मध्ये महिन्याला नऊ हजारांच्या आसपास खपणारी नॅनो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५०९ खपली. त्याला कर्ज मिळण्यातल्या अडचणींसारखी दुसरीही कारणं होती, पण लोकांच्या मनात भीती बसली होती हे नक्की. त्याच नोव्हेंबरात कंपनीने आधी विकलेल्या सत्तर हजारांहून जास्त गाड्यांना सायलेन्सर आणि वायरिंगसाठी जादा संरक्षक भाग फुकट बसवून द्यायचं जाहीर केलं. आपण गाड्या परत बोलावत नाही, ही फक्त सुधारणा आहे, असंही सांगितलं. पाठोपाठ वॉरंटी वाढवली. माझं मत विचाराल तर शब्द काहीही वापरोत, मालकांना सुरक्षित भाग फुकट मिळाला हे महत्त्वाचं. आणि तो मिळाला तो पेटलेल्या गाड्यांची बोंब सगळीकडे झाली म्हणून. रस्त्यात पेटणाऱ्या गाडीचा फोटो निघतो. आपल्या गरम होणाऱ्या गाडीचा निघत नाही. तिची नोंद आपल्यालाच करावी लागते.

ती नोंद करायला आधी गाडी काय सांगते ते कळायला हवं. मेकॅनिक व्हायची गरज नाही. तव्याचा रंग बघून भाकरी टाकायची वेळ ओळखतो, तेवढंच लक्ष पुरे.

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा जी उष्णता तयार होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग गाडी पळवायला लागतो. उरलेली काही धुरावाटे जाते आणि बरीचशी कूलंट नावाचं रंगीत पाणी उचलून नेतं. हे पाणी पंपाच्या जोरावर इंजिनातून फिरतं, पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये गार होतं आणि परत येतं. पाइप चिरला, पंप गळला, पंखा फिरला नाही, की पाणी कमी पडतं किंवा गार होत नाही. मग इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते उष्णतेने वाकतं. हेड आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तो म्हणजे हेड गॅस्केट. ती उडाली की पाणी ऑइलमध्ये शिरतं. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा चिकट थर दिसला, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर समजायचं की गॅस्केटचं काम निघालं. थंडीत सकाळी जरा पांढरी वाफ येते ती वेगळी. ती दोन मिनिटांत थांबते.

ऑइलचं तर आणखी सोपं आहे. इंजिनातला लोखंडाचा भाग लोखंडावर घासू नये म्हणून ऑइल. ते संपलं की इंजिन जाम होतं, आणि जाम झालेलं इंजिन म्हणजे अर्ध्या गाडीचा खर्च. समोर ऑइलच्या बुधलीच्या आकाराचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. "गाव पाच किलोमीटरवर आहे, तेवढं जाऊ" असं म्हणायचं नाही. त्या पाच किलोमीटरमध्येच इंजिन जातं. दर रविवारी सपाट जागेवर, गाडी गार असताना, ऑइलची पट्टी काढून फडक्याने पुसून परत घालून बघायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. आणि जे दिसलं ते तारखेसह वहीत लिहायचं. गाडी ऑइल खाते हे सिद्ध करायला ही वहीच उपयोगी पडते. तोंडी सांगितलेलं कुणी मोजत नाही.

बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो, नुसता लाल दिवा असतो. तो लागेपर्यंत इंजिन बरंच तापलेलं असतं. म्हणून तो लागला की तिथल्या तिथे थांबा. बॉनेट उघडून लगेच रेडिएटरचं झाकण काढू नका. आत कुकरसारखा दाब असतो, उकळतं पाणी अंगावर उडतं. अर्धा तास तरी थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. आणि पेट्रोलचा किंवा जळक्या वायरचा वास आला, डॅशबोर्डमधून धूर आला, तर गाडी बंद करून आधी सगळ्यांना लांब उतरवा. सामानासाठी परत जाऊ नका. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो.

एक गोष्ट बजावून सांगते. बाहेरच्या दुकानातून मोठा हॉर्न, जादा दिवे, गाण्याचा डबा बसवताना मूळ वायर कापून जोड देतात. त्यातून आग लागू शकते, आणि न लागली तरी उद्या काहीही झालं की कंपनी त्या जोडाकडे बोट दाखवते. वॉरंटी संपेपर्यंत गाडीला बाहेरचा हात लावू देऊ नका.

आता आमच्या प्रभागातल्याच एका ताईंचं उदाहरण. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांनी बँकेचं कर्ज काढून नवी छोटी गाडी घेतली, स्वतः चालवायला शिकल्या, कंपन्यांमध्ये जेवणाचे डबे पोचवू लागल्या. आठव्या महिन्यात गाडी घाटात गरम व्हायला लागली. सर्व्हिस सेंटरला चार वेळा नेली. दर वेळी कूलंट भरून परत दिली. पाचव्यांदा गॅस्केट उडाली तेव्हा सांगण्यात आलं की गरम असताना चालवली, हा ग्राहकाचा निष्काळजीपणा, वॉरंटीत बसत नाही, पैसे भरा. आम्ही आधीची चारही जॉब कार्डं काढून बघितली. चारहींवर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं "जनरल चेकअप". म्हणजे कागदावर ती गाडी कधी गरम झालीच नव्हती!

जॉब कार्ड म्हणजे गाडी आत घेताना तिथला माणूस भरतो आणि आपली सही घेतो तो कागद. आपण मुकाट सही करतो. त्या कागदावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची: "चढावर दहा मिनिटांत लाल दिवा लागतो, कूलंटचा डबा रिकामा होतो, ही तिसरी वेळ." लिहीत नसतील तर आपण पेनने लिहून मग सही करायची आणि मोबाईलने फोटो काढायचा. गाडी परत घेताना काय दुरुस्त केलं, कुठला भाग बदलला, तेही लिहून घ्यायचं. बिल शून्य रुपयांचं असलं तरी मागायचं.

त्या ताईंच्या बाबतीत एक गोष्ट नशिबाने जुळली. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाकडे तेच मॉडेल होतं आणि तीही गाडी त्याच ठिकाणी, पंपाजवळ, गळत होती. त्यांच्याकडे फोटो होते. दोघींनी मिळून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, सोबत दोन्ही गाड्यांचे चेसिस नंबर, किलोमीटर, तारखा आणि फोटो. तीन आठवड्यांत कंपनीचा इंजिनिअर आला. पंप आणि गॅस्केट दोन्ही कंपनीच्या खर्चाने झालं. गाडी उभी होती त्या दोन महिन्यांचे हप्ते मात्र कुणी दिले नाहीत. ते ताईंनी गटातून उचल घेऊन भरले.

कंपनीला स्वतःलाच दोष सापडतो आणि ती गाड्या परत बोलावते, असंही होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुतीने एक लिटर इंजिनाच्या ४०,६१८ वॅगन-आर तपासायला बोलावल्या, पेट्रोलचा पाइप लोखंडी क्लिपला घासत असल्याची शंका होती म्हणून. जुलै २०२० मध्ये पेट्रोल पंपासाठी वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी अल्टो के-१०, एस-प्रेसो, ईको वगैरे १७,३६२ गाड्या बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी वापरूच नका असं सांगितलं. यात कंपनीची बदनामी शोधू नका. दोष कबूल करून फुकट दुरुस्त करणारी कंपनी गप्प बसणारीपेक्षा केव्हाही बरी.

अडचण वेगळीच आहे. हा निरोप जातो कंपनीकडे ज्याचं नाव आणि फोन नंबर आहे त्याला. आपण गाडी घेतो सेकंडहँड, आरसी बुक सहा सहा महिने जुन्या मालकाच्या नावावर, आणि निरोप जातो त्याला. म्हणून गाडी घेतली की नाव लगेच बदलून घ्या आणि सर्व्हिस सेंटरलाही आपला नंबर द्या. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की आपली गाडी बोलावली आहे का ते दिसतं. गटात कुणाची मुलगी कॉलेजात असेल तर तिला दोन मिनिटांचं काम आहे.

पूर्वी हे सगळं कंपनीच्या मर्जीवर होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. आता एकाच मॉडेलच्या पुरेशा मालकांनी सुरक्षेशी संबंधित तोच दोष कळवला, तर सरकार चौकशी करून गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. किती तक्रारी पुरेशा, हे त्या मॉडेलच्या वर्षाच्या विक्रीवर ठरतं. तक्रार परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' संकेतस्थळावर नोंदवायची. म्हणजे आपण शोरूममध्ये भांडून घरी आलो तर ती तक्रार या मोजणीत येतच नाही.

इंजिनाबरोबर गाडीची मजबुतीही बघायला हवी. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडकवून बघितल्या. नॅनो, अल्टो ८००, आय-१०, फिगो आणि एअरबॅग नसलेली पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पोलोचा सांगाडा टिकला होता, म्हणून दोन एअरबॅग लावून परत धडकवल्यावर तिला चार तारे मिळाले. नॅनोचा सांगाडाच टिकला नव्हता, तिथे नुसत्या एअरबॅगने भागलं नसतं. त्याच टाटांच्या नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळाले, म्हणजे करायचं ठरवलं की होतं. आता नव्या गाड्यांना पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या आहेत, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची चाचणीही सुरू झाली आहे, पण त्यात गाडी द्यायची की नाही हे कंपनीच ठरवते. जुनी स्वस्त गाडी घेताना एअरबॅग आहेत का, हे रंगाच्या आधी विचारा. आणि पुढच्या सीटवर मांडीवर लेकरू घेऊन बसू नका. एअरबॅग जोराने फुगते, ती लेकराच्या अंगावर येते.

आता तक्रार कुठवर नेता येते. पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यातच चालते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की गुडगावला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची.

धंद्यासाठी गाडी घेतली की कंपनीचा वकील पहिला मुद्दा काढतो, "हे ग्राहकच नाहीत, व्यापारी आहेत." घाबरायचं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी धरत नाहीत, असं कायद्यातच लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे: रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक ठरतो, एक-दोघांची मदत घेतली तरी ठरतो, पण पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला दिली तर नाही. म्हणून जी बाई धंदा करते तिच्याच नावावर गाडी असावी, आणि जमल्यास तिने लायसन्स काढावं. आमच्या डबेवाल्या ताईंचं पारडं जड झालं ते यामुळेही.

मिळतं काय? "नवी गाडीच द्या" अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका प्रकरणात सांगितलं की वॉरंटीत दोषी भाग बदलून द्यायचं वचन आहे, अख्खी गाडी बदलून द्यायचं नाही. दुरुस्ती, भागाचे पैसे, त्रासाची भरपाई आणि खर्च, एवढं साधारण मिळू शकतं. दोष डोळ्याने दिसणारा नसेल तर आयोग तज्ज्ञाकडून तपासणी करवून घेतो, त्याचा खर्च आधी आपल्याला भरावा लागू शकतो. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असं आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, त्या तयारीने जा.

विम्याचंही थोडं. इंजिन बिघडलं तर साधा विमा पैसे देत नाही. आग लागली तर देतो. पावसात गाडी पाण्यात बंद पडली तर परत चावी फिरवू नका, पाणी इंजिनात ओढलं जातं, आणि इंजिनाचा जादा विमा घेतला नसेल तर तो खर्च आपल्या अंगावर. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माणसं नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला गाडी असलेल्या प्रत्येक गटाने एक फाइल आणा. त्यात बिल, वॉरंटीचं पुस्तक, सगळी जॉब कार्डं, विम्याचा कागद आणि ऑइलची वही असू द्या. मी मॉडेलप्रमाणे यादी करणार आहे: कुणाची गाडी कुठली, कुठल्या महिन्यात बनलेली, काय बिघडलं. एकाच मॉडेलच्या तीन गाड्या जरी तशाच बिघडलेल्या निघाल्या, तरी त्याच दिवशी तिन्ही तक्रारी 'वाहन'वर नोंदवू आणि कंपनीला एकत्र पत्र टाकू. चेसिस नंबर आरसी बुकावर असतो, सतरा अक्षरं-आकड्यांचा. मूळ कागद बँकेत असेल तर मोबाईलवर फोटो काढून आणला तरी चालेल.